महानगर आणि शेजार

लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात महानगराविषयी दोन मते हमखास ऐकू येतात. एक मत असे की, मुंबई-पुण्याला गेल्याखेरीज माणसाचे भले होत नाही. दुसरे मत असे की, मुंबई-पुण्याला गेलेला माणूस माणसांत राहत नाही. पुष्कळदा एकाच घरातून ही दोन्ही मते निघतात. मुलगा बारावी झाला म्हणजे पहिले मत पुढे येते आणि तोच मुलगा नोकरीला लागून दिवाळीला आला नाही म्हणजे दुसरे. दोन्ही मतांना अनुभवाचा आधार आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु महानगराकडे लांबून पाहणाऱ्याची ही मते आहेत. प्रत्यक्ष महानगरात जो राहतो, त्याचे तेथील जगणे कशाने सुसह्य होते आणि कशाने असह्य होते, हा प्रश्न या दोन्ही मतांच्या पलीकडचा आहे. दरवर्षी ज्या तालुक्यातून शेकडो तरुण बाहेर पडतात, त्या तालुक्याला तरी तो टाळता येण्याजोगा नाही.

आकड्यांनी महानगराची कल्पना येत नाही, पण सुरुवात आकड्यांनीच करावी लागते. २०११ च्या जनगणनेत तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती आणि बृहन्मुंबईची सव्वा कोटीच्या जवळपास. म्हणजे लोहारा, उमरगा, तुळजापूर, कळंब, परंडा अशा आठही तालुक्यांतील सारी माणसे एकत्र केली, तरी तशा सात-साडेसात जिल्ह्यांची वस्ती त्या एका बेटावर आणि त्याच्या उपनगरांत राहत होती. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन शहरे मिळून तेव्हाच पन्नास लाखांच्या आसपास पोचली होती. एक कोटीहून अधिक वस्तीची शहरे आज जगात तीसहून अधिक आहेत आणि त्यांतील बहुतेक आशिया खंडात आहेत. मानवजातीच्या इतिहासात एवढ्या माणसांनी एवढ्या जवळ राहण्याचा प्रयोग पूर्वी कधी झालेला नव्हता.

बदलती महानगरे

लोहाऱ्याला रेल्वे नाही. तरीही या परिसराला मोठे शहर अपरिचित कधीच नव्हते. फक्त ते शहर काळानुसार बदलत गेले. निजामाच्या राजवटीत मराठवाड्याचे महानगर म्हणजे हैदराबाद. कचेरीचे काम तिकडे, मोठा दवाखाना तिकडे, आणि वरचे शिक्षण घ्यावयाचे तर १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही तिकडेच. तेथे उर्दूतून शिकावे लागे. म्हणजे घर सोडणाऱ्या विद्यार्थ्याला गावाबरोबर शिक्षणापुरती आपली भाषाही सोडावी लागे. दुसरे शहर सोलापूर. ते इंग्रजी अमलाखाली होते आणि १८७७ पासून तेथे कापडगिरण्यांचे भोंगे वाजू लागले होते. हाताला काम हवे असलेल्यांना ते जवळचे होते.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि लोहाऱ्याचे तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे वळले. तरीही मुंबईला जाण्याची सवय कोकणाइतकी किंवा साताऱ्याइतकी जुनी नसल्याने जाणारे थोडेच होते. ती घडी १९७२ च्या दुष्काळाने मोडली. रोजगाराच्या कामावर खडी फोडून जे तगले ते राहिले. ज्यांना जमीन नव्हती, अशा पुष्कळांनी मुंबई आणि पुणे गाठले.

या उशिराने आलेल्यांची एक अडचण फारशी कोणी सांगत नाही. कोकणातला आणि घाटावरचा माणूस मुंबईत गेला, तेव्हा गिरण्या वाढत होत्या आणि त्यांच्या भोवती चाळी उठत होत्या. मराठवाड्याचा माणूस तेथे पोचला, तोवर भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठून पंचवीस वर्षे होत आली होती. भाड्याच्या चाळी बांधणे कोणालाही परवडेनासे झाले होते आणि जुन्या खोल्या पागडीवाचून मिळत नव्हत्या. त्यामुळे त्याच्या वाट्याला चाळ आली नाही, झोपडी आली. २०११ च्या गणनेतही मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहत असल्याचे आढळले. महानगराचा अनुभव सर्वांना सारखा नसतो, त्याचे पहिले कारण हे आहे. कोण केव्हा पोचला, त्या वेळी कोणते दार उघडे होते, यावर पुढच्या दोन पिढ्यांचे जगणे ठरते.

अनोळखीपणाचे वरदान

महानगरी मनाचा पहिला शास्त्रशुद्ध विचार जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ साली मांडला. बर्लिन तेव्हा वेगाने वाढत होते. झिमेल यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, मोठ्या शहरात माणसाच्या डोळ्यांवर, कानांवर, मनावर क्षणाक्षणाला इतके आघात होतात की, प्रत्येकाला प्रतिसाद देणे त्याला शक्यच नसते. म्हणून तो स्वतःभोवती अलिप्ततेचे एक कवच तयार करतो. खेड्यातील माणसाला हे कवच उद्धटपणाचे वाटते. शहरी माणसाला मात्र ते आत्मरक्षणासाठी लागते. दादरच्या पुलावर भेटणाऱ्या प्रत्येकाची कोणी विचारपूस करू म्हणेल, तर तो कचेरीत पोचणार नाही. परंतु झिमेल यांनी दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली होती. लहान समूह माणसाला जपतो, तसाच त्याच्यावर पहाराही ठेवतो. मोठे शहर तो पहारा उठवते.

हा पहारा उठण्याचा अर्थ युरोपातील वाचकापेक्षा मराठी खेड्यातील माणसाला अधिक नेमका कळेल. गावात माणसाला नाव असते, पण त्या नावाआधी आडनाव असते, आडनावाआधी आळी असते आणि आळीच्याही आधी जात असते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर म्हटले, तेव्हा ग्रामराज्याची स्वप्ने पाहणाऱ्या अनेकांना तो घाव वाटला. ज्यांना गावाच्या पाणवठ्यावर कधी जाता आले नव्हते, त्यांना मात्र ते शब्द नवे नव्हते. बाबासाहेब स्वतः परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील खोल्यांत कित्येक वर्षे राहिले. तेथे अभ्यास झाला, तेथूनच चळवळ उभी राहिली. गावाने नाकारलेल्याला महानगराने एक खोली, एक ग्रंथालय आणि एक सभागृह दिले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासात लहान नाही.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. एकटी बाई कोठे चालली, कोणाशी बोलली, केव्हा परतली, याचा हिशेब गाव ठेवते. महानगरात सकाळच्या गाडीने कचेरीला जाणारी बाई तो हिशेब कोणाला देत नाही. गावाकडे परतल्यावर जी गोष्ट तिला सर्वांत अधिक जड जाते ती ही की, पुन्हा हिशेब द्यावा लागतो.

तथापि, या वरदानाला एक उंबरठा आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या सुधारलेल्या राजधानीत त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. एका पारशी पथिकाश्रमात ते आपली ओळख लपवून राहिले. ती कळताच लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. शहर कारखान्याच्या दारात, गाडीच्या डब्यात, हॉटेलातील टेबलावर जात विसरते. खोली भाड्याने देण्याची वेळ आली की त्याला ती आठवते. या घटनेला शतक उलटून गेले, पण जागा पाहायला आलेल्याचे आडनाव विचारणे अजून थांबलेले नाही. महानगराचा अनोळखीपणा रस्त्यावर मिळतो, घरात तो मिळवावा लागतो.

मधला थर

येथे या विषयाच्या मुळाशी जाणे आवश्यक आहे. सव्वा कोटी माणसांच्या शहरात कोणीही सव्वा कोटी माणसांबरोबर राहत नाही. प्रत्येक जण शंभर-दीडशे माणसांबरोबर राहतो. ती माणसे कोण, ती कोठे भेटतात आणि किती काळ टिकतात, यावर त्याचे जगणे अवलंबून असते. कुटुंब आणि महानगर यांच्या मधोमध असलेला हा थर म्हणजेच शेजार. शेजार या शब्दात केवळ भिंतीला भिंत लागून असणारे घर येत नाही. जेथे माणसाचे न येणे कोणाच्या तरी लक्षात येते, अशी प्रत्येक जागा त्यात येते.

मुंबईच्या गिरणगावाने हा थर कसा उभा केला, हे आठवण्यासारखे आहे. एका खोलीत एका गावचे पंधरा-वीस पुरुष राहत. पाळी बदलली म्हणजे एकाची वळकटी उठे आणि दुसऱ्याची पसरे. जेवण खानावळीत. त्या खानावळी चालविणाऱ्या बहुतेक कामगारांच्याच घरच्या बाया. सावकाराच्या व्याजातून त्यांची सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गावचे मंडळ होते, भजनी मंडळ होते, व्यायामशाळा होती, वाचनालय होते, कामगार संघटना होती. वीसच्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या २०७ चाळींत एकेक कुटुंब १६० चौरस फुटांच्या एकाच खोलीत राहत असे. या जगण्याचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सामाईक संडासापुढची रांग, क्षयाचा खोकला, एकाच खोलीत बाळंतपण आणि अभ्यास हे सारे तेथे होते. परंतु खोली लहान होती म्हणून माणसे सज्जात येऊन बसत आणि सज्जा सगळ्यांचा होता.

हा शेजार सुरुवातीला गावाच्या आणि जातीच्याच धाग्यांनी विणला गेला, हेही खरे. ज्या गावची खोली, त्याच गावच्या माणसांना तेथे जागा. पुष्कळदा जातही तीच. पण त्या खोलीतून उठून माणूस संघटनेच्या सभेला गेला, रात्रशाळेत गेला, वाचनालयात गेला, म्हणजे तेथे शेजारी बसलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्याचा आणि दुसऱ्या जातीचा असे. जन्माने मिळालेल्या शेजारावरून निवडलेल्या शेजारावर जाण्याचा हा प्रवास म्हणजे महानगराने मराठी माणसाला दिलेली सर्वांत मोठी देणगी होय.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि एवढ्या मोठ्या संख्येने इतका दीर्घ काळ टिकले. त्यांना तगवून धरणाऱ्या गोष्टी दोन होत्या. एक, गावाकडची दोन-चार एकर जमीन. दुसरी, चाळीतील उधार देणारा वाणी आणि उष्टे-खरकटे न म्हणता पोराला जेवू घालणारी शेजारीण. संप फसला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. नोकऱ्या गेल्या त्याची मोजदाद झाली. त्या नोकऱ्यांभोवती विणलेला शेजार गेला, त्याची मोजदाद कोणी केली नाही.

वेळेचे अंतर

शेजार टिकवण्यासाठी दोन गोष्टी लागतात, जागा आणि वेळ. महानगर आज या दोन्ही हिरावून घेत आहे.

वेळेचा हिशेब सोपा आहे. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दररोज सुमारे सत्तर लाख प्रवासी ये-जा करतात. बदलापूर, विरार, टिटवाळा या बाजूंनी शहरात येणाऱ्या नोकरदाराचे दिवसाकाठी तीन तास घर ते कचेरी आणि कचेरी ते घर यांत जातात, असे धरले, तर वर्षाच्या तीनशे दिवसांचे आणि नोकरीच्या तीस वर्षांचे मिळून सत्तावीस हजार तास होतात. म्हणजे आयुष्यातील तीन वर्षांहून अधिक काळ, दिवस आणि रात्र धरून, माणूस उभ्याने काढतो. पगाराच्या चिठ्ठीत याची नोंद नसते. उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकत आली आहेत. रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून जाणाऱ्यांचा त्यांत मोठा भाग आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा काही दिवस चर्चा झाली. गाडी दुसऱ्या दिवशीही तशीच भरून धावली.

आणि तरीही त्याच डब्यात शेजार उगवतो. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेला गट. कोणी भाजी निवडते, कोणी टाळ वाजवून अभंग म्हणते, दसऱ्याला डब्याला तोरण लागते, हळदीकुंकूही होते. रोजचा एक जण दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी फोन जातो. माणसाला शेजाराची भूक किती तीव्र असते, हे पाहावयाचे तर सकाळच्या आठच्या गाडीत पाहावे. जेथे पाय ठेवायला जागा नाही, तेथेही तो शेजाराला जागा करतो.

नवे शहर, नवे एकाकीपण

आज लोहाऱ्याच्या तरुणाचे महानगर मुख्यतः पुणे आहे. एक वाट चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांकडे जाते. दुसरी हिंजवडीच्या संगणकी कचेऱ्यांकडे. तिसरी सदाशिव पेठ आणि नवी पेठ येथील अभ्यासिकांकडे. तिन्ही वाटांवर पैसा, प्रतिष्ठा आणि आशा कमी-अधिक आहे. एक गोष्ट मात्र तिन्हींना सारखी लागू पडते. कोठेही फार काळ राहावयाचे नाही, हे गृहीत धरूनच सर्व व्यवस्था उभी आहे.

कारखान्यातील काम कंत्राटी आहे. मुदत संपली की कामगार बदलतो आणि त्याबरोबर खोलीही बदलते. ज्याच्याबरोबर सहा महिनेच काम करावयाचे त्याच्याशी संघटना बांधता येत नाही, मैत्रीही बेताचीच होते. संगणकी कचेरीत पगार चांगला. पण सोसायटीच्या दारावर पहारेकरी असतो, उद्वाहनात नजर मोबाइलवर असते आणि वर्षाच्या भाडेकरारामुळे शेजाऱ्याचे नाव पाठ होण्यापूर्वी घर बदलते.

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याची स्थिती सर्वांत अवघड आहे. एका खोलीत चार-पाच खाटा, खाटेप्रमाणे भाडे, मेसचा डबा, अभ्यासिकेतील ठरलेली खुर्ची. हे चित्र गिरणगावच्या खोलीसारखे दिसते, पण त्यात एक मूलभूत फरक आहे. गिरणगावच्या खोलीतले वीस जण एकाच मालकाविरुद्ध एकत्र उभे राहू शकत होते. अभ्यासिकेतले वीस जण एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. जागा शंभर आणि उमेदवार लाखांनी, अशा परीक्षेत बहुसंख्यांच्या वाट्याला अपयश येणे हे गणितानेच ठरलेले असते. पण ते येते तेव्हा प्रत्येकाला वाटते की, आपण एकटेच हरलो. गावी फोन करून काय सांगावे, हे सुचत नाही. बापाने कर्ज काढलेले असते, सोयाबीनचा भाव पडलेला असतो. फोनवर तो म्हणतो, अभ्यास चालू आहे. भोवती हजारो मुले असताना त्याची अवस्था कोणाच्या लक्षात येत नाही.

या एकाकीपणाला आता जगातील सरकारेही गांभीर्याने घेऊ लागली आहेत. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमले. ज्या समाजांत कुटुंबाचा आणि मोहल्ल्याचा आधार आपल्यापेक्षा आधी सुटला, तेथे हा उपाय योजावा लागला. पण शेजाराचे काम मंत्र्याने करण्याची वेळ येण्यापूर्वी शेजारच का सांभाळू नये, हा प्रश्न आपल्याला विचारता येण्याजोगा आहे.

सास्तूरचा धडा

जागा आणि शेजार यांचा संबंध समजण्यासाठी लोहारेकरांना मुंबईस जाण्याचीही गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या भूकंपात किल्लारीप्रमाणेच सास्तूरही जमीनदोस्त झाले. सास्तूर आज लोहारा तालुक्यात आहे. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाखाली गाडली गेली. त्यानंतर सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेच्या प्रमाणात अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची पक्की घरे देण्यात आली. सरळ रस्ते, आखलेल्या रांगा, मोकळी पटांगणे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर एवढ्या वेगाने घरे बांधून देणे ही देशात नावाजली गेलेली कामगिरी होती आणि भूकंपाला तोंड देणारे घर मिळणे ही जीवनमरणाची बाब होती. त्याविषयी दुमत नाही.

पण नव्या गावात राहायला गेलेल्यांची एक तक्रार वारंवार पुढे आली. गाव पसरले. पूर्वी बोळातून हाक मारली की ऐकू जात असे, आता रुंद रस्ता ओलांडावा लागतो. ओसरी नाही, पार नाही, भावकी एका टोकाला आणि सोयरी दुसऱ्या टोकाला. घरे एकामागून एक सरळ उभी आहेत, पण कोणत्याही दोन घरांच्या मध्ये बसण्याची जागा नाही. शहराचा नकाशा खेड्यावर ठेवला म्हणजे काय होते, हे या गावांनी अनुभवले. पुढे लोकांनीच पत्र्याचे छप्पर काढले, दारात कट्टा बांधला, झाडे लावली आणि हळूहळू गाव पुन्हा गावासारखे केले. घर सरकार बांधून देऊ शकते, शेजार माणसेच बांधतात. मात्र तो बांधता येईल अशी जागा नकाशात ठेवणे हे नकाशा काढणाराचे काम असते.

मुंबईत आज हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा आहे. वरळीच्या जुन्या चाळींतील पहिल्या काही कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या उंच इमारतींत पाचशे चौरस फुटांची घरे मिळाली. शंभर वर्षे १६० चौरस फुटांत काढलेल्यांना स्वतःचा संडास, स्वतःचे स्वयंपाकघर आणि मुलांना अभ्यासाची खोली मिळाली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. त्यांनी शेजारासाठी जुन्या खोलीतच राहावे, असे म्हणण्याचा अधिकार मोठ्या घरात राहणाऱ्या कोणासही नाही. पण बंद दारांच्या मजल्यांवर सज्जाची जागा कशाने भरून काढावयाची, याचा विचार घर देताना करणे अशक्य नाही.

कसोटीची वेळ

महानगरातील आपले मुळे किती खोल गेली आहेत, याची कसोटी २०२० साली लागली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, कामे थांबली, खोलीभाडे मात्र थांबले नाही. मुंबई-पुण्यात पंधरा-पंधरा वर्षे काढलेली माणसे मिळेल त्या वाहनाने, काही पायीच, गावाकडे निघाली. ज्या शहराच्या इमारती त्यांनी बांधल्या, ज्या कारखान्यांत त्यांनी यंत्रे चालविली, त्या शहरात पंधरा दिवस आपल्याला कोणी सांभाळील, असा भरवसा त्यांना वाटला नाही. गावानेही सर्वत्र दारे उघडी ठेवली, असे नाही. कित्येक गावांनी शिवेवर काटेरी फांद्या टाकून रस्ते अडविले आणि आलेल्यांना शाळेच्या खोल्यांत विलग ठेवले. पण त्या शाळेत डबा पोचविणारे कोणीतरी होते. महानगराकडे माणसे परतली ती रोजगारासाठी. तो भरवसा मात्र त्यांच्याबरोबर परतला असे म्हणता येत नाही.

म्हणून महानगर चांगले की वाईट, हा वाद निष्फळ आहे. लोहाऱ्याच्या कोरडवाहू शेतीवर पुढच्या पिढीचे भागणार नाही आणि गावाच्या पहाऱ्यात परत जाण्याची इच्छा बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांना, विशेषतः मुलींना आणि दलितांना, असणार नाही. ती असू नये. प्रश्न आहे तो महानगराचे स्वातंत्र्य न गमावता तेथे शेजार कसा उभारता येईल हा. मराठवाड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून पुण्यात १९६७ साली मराठवाडा मित्र मंडळ स्थापन झाले. परक्या शहरात आपल्या माणसासाठी एक दार उघडे असावे, हा विचार त्या पिढीला सुचला होता. आज जाणारे कैक पटींनी वाढले आहेत. त्या मानाने अशी दारे वाढलेली नाहीत.

यातील काही गोष्टी राज्यकर्त्यांनी करावयाच्या आहेत. जिल्हावार वसतिगृहे, नोकरदार स्त्रियांसाठी निवास, प्रत्येक प्रभागात रात्री उशिरापर्यंत उघडे असणारे सार्वजनिक वाचनालय, पुनर्विकासाच्या इमारतीत प्रत्येक दोन-तीन मजल्यांमागे सामाईक बैठकीची जागा, आणि कामाच्या जागेपासून तासाभराच्या आत परवडणारे घर. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले, त्यातून एक पिढी घडली. महानगराच्या नव्या वस्त्यांत त्याची गरज आज अधिक आहे. काही गोष्टी शिक्षकांनी करावयाच्या आहेत. बारावीच्या वर्गातील मुलाला प्रवेशाचा अर्ज भरावयास शिकविले जाते. परक्या शहरात खोली कशी शोधावी, आजारी पडल्यास कोणाला कळवावे, अपयश आले तर ते घरी कसे सांगावे, हे शिकविले जात नाही. गावातून आधी गेलेल्या दहा मुलांचे पत्ते नंतर जाणाऱ्या मुलाच्या हाती देणे, हे काम कोणत्याही शाळेला खर्चावाचून करता येईल. आणि काही गोष्टी घरच्यांनी करावयाच्या आहेत. परीक्षेत हरलेल्या मुलाला परतीची वाट लाजेची वाटणार नाही, एवढे तरी त्याला कळवून ठेवले पाहिजे.

लोहारा स्वतः आता नगर पंचायत झाले आहे. प्लॉट पडत आहेत, बसस्थानकाभोवती दुकाने वाढत आहेत, कुंपणाच्या भिंती उंच होत आहेत. पन्नास वर्षांनी ते केवढे असेल, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु नव्या वसाहतीचा नकाशा मंजूर करताना रस्त्याच्या कडेला एक पार, एक वाचनालय आणि कोणत्याही आळीच्या माणसाला बसता येईल अशी सावली राखून ठेवणे आजच हाती आहे. ती जागा एकदा विकली गेली, म्हणजे मोठ्या शहरांनी हजारो कोटी खर्चूनही ती परत मिळविलेली नाही.